तुम्ही विचारलंत म्हणून: पूर्वी गाव सांभाळून घ्यायचं ना?

दुष्काळाच्या इतिहासावर काहीही लिहिलं-बोललो की कुणीतरी हमखास विचारतं, "पूर्वी गावच सगळ्यांना सांभाळायचं, दानधर्म होता, बलुतं होतं, मग सरकारनं रोजगार हमीची कामं काढून लोकांना आळशी कशाला केलं?" आता एकदाच नीट सांगतो.

सांभाळायचं, हो. खळ्यावर बलुतं मिळायचं, पेवातलं, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातलं, धान्य निघायचं. पण कुणाला, कुठं उभं करून आणि बदल्यात काय काय करून घेऊन, हे कुणी विचारत नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये महार वतनाबद्दल, म्हणजे तुटपुंज्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावची कामं करायच्या बंधनाबद्दल, कायदेमंडळात बिल आणलं ते उगाच नाही. आणि 1876-78 सारखा दुष्काळ आला की गावाचीच पेवं रिकामी, मग कोण कुणाला सांभाळणार?

सरकार तेव्हा फार दयाळू होतं असंही नाही. इंग्रज सरकारचा अधिकारी रिचर्ड टेंपल यानं दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला 1 पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मुंबई इलाख्यात मजुरी कापली तेव्हा हजारो लोक कामं सोडून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. पोटात अन्न नसताना संप! दान देणाऱ्याच्या दारात असं कुणी करू शकतं का, सांगा.

माझी आई 1973 च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांची होती. कामं सुरू व्हायच्या आधी आजी तिला घेऊन गावातल्या एका मोठ्या घरी जायची. आधी गोठा झाडायचा, शेण्या थापायच्या, मग दुपार कलली की आतून कुणीतरी शेर-दोन शेर जोंधळा आणून वरनं पदरात ओतायचं, आणि सांडलेला दाणा न् दाणा दोघी उकिडव्या बसून मातीतनं वेचायच्या. त्या घरानं कधी नाही म्हटलं नाही, हे आई आजही सांगते आणि मीही लपवत नाही. पुढं तिचं लग्न ठरलं. मांडवात त्या घरचे थोरले आले, फेटा बांधून घेतला आणि वराकडच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "दुष्काळात आमच्या जोंधळ्यावर जगलेली पोर आहे, नीट सांभाळा." मायेनंच म्हणाले असतील. पण माझ्या आज्जीनं, म्हणजे तिच्या सासूनं, ते वाक्य मरेपर्यंत सोडलं नाही. भाकरी जास्त झाली, मीठ सांडलं, माहेरी जायचं म्हटलं, की आलंच ते जोंधळ्याचं. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही, देणार तरी काय, खोटं थोडंच होतं ते.

आणि हीच आई पाझर तलावाच्या कामावर! मुकादमानं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, हजेऱ्या कमी लावल्या तेव्हा तिनं आणि बाकीच्या बायकांनी त्याला खड्ड्यातच अडवून धरलं, हजेऱ्या पुऱ्या लावल्याशिवाय वर येऊ दिलं नाही. त्या मजुरीचा उल्लेख तिच्या लग्नात कुणी केला नाही. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख लोक अशा कामांवर होते. त्यातनंच पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा आला, 1979 पासून लागू झाला, काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता.

कॉलेजात असताना मी हिरिरीनं मांडायचो की दान वाईट, हक्काचं काम चांगलं, विषय संपला. आता तसं म्हणताना जीभ अडखळते, कारण आईच्या वडलांना दिसत नव्हतं. मस्टरवर त्यांचं नाव लागणारच नव्हतं. ज्यांना काम होत नाही त्यांना गावातच फुकट मदत द्या, असं 1880 च्या दुष्काळ कमिशननं लिहून ठेवलं होतं, पण ती आमच्या आजोबांपर्यंत काही पोचली नाही. कामं सुरू होईपर्यंत ते जगले ते त्याच पदरातल्या जोंधळ्यावर.

पण ते आळशी म्हणालात ना, ते आधी मागं घ्या. वैशाखाच्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला आळशी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. बाकी गाव की सरकार, यावर माझं आणि आईचंसुद्धा पटत नाही. तिनं फक्त एवढं बजावलं, त्या घराचं नाव घालू नकोस. ते घातलेलं नाही.