नवं एअर पिस्तूल: फिनिशला धक्का न लावता खोलणं आणि जपणं

पिस्तूल १० मीटरच्या नेमबाजीचं, ४.५ मिमी, २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं. बॉडी काळ्या अ‍ॅनोडाइझ्ड अ‍ॅल्युमिनियमची, बॅरल काळं ऑक्साइड केलेल्या पोलादाचं, ग्रिप अक्रोडाची.

आमचं ठाम मत आधीच नोंदवतो: नवं पिस्तूल जितकं कमी खोलाल तितकं ते चांगलं राहतं. रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग), व्हॉल्व्ह आणि ट्रिगर युनिट कारखान्यातून जुळवून आलेलं असतं, ते खोलायचं नाही. इथे खोलण्यापुरती फक्त ग्रिप, सिलिंडर, ब्रीचचा (बॅरलच्या मागच्या, पेलेट भरायच्या तोंडाचा) ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, आणि बॅरल एवढ्याचीच नोंद आहे.

खोक्यातून टेबलावर

मझल (बॅरलचं पुढचं तोंड) भिंतीकडे. लोडिंग लीव्हर उघडून ब्रीच रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं. सिलिंडर हातानेच फिरवून काढायचा, पाना नाही. सिलिंडर निघाला तरी रेग्युलेटरमध्ये थोडी हवा अडकून राहते, म्हणून पेलेट-ट्रॅपकडे (छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे) धरून लीव्हर उघड-मीट करत आवाज येईनासा होईपर्यंत ट्रिगर दाबायचा. मग पूर्ण बॅरलमधून सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण दाखवणारी रंगीत दोरी) घालायचा. हे झाल्याशिवाय पेटीतून अ‍ॅलन की (षट्कोनी पाना) काढायची नाही.

घड्याळ, अंगठी, कडं उतरवून ठेवा, पट्ट्याचं बक्कल टेबलाच्या कडेला लागत नाही ना ते बघा. टेबलावर जाड रबरी मॅट, आणि ती दर वेळी ओल्या फडक्याने पुसलेली. खानापूरकडची लाल धूळ असो की अथणीकडची काळी, तिच्यातले क्वार्ट्झचे कण कडकपणाच्या मोह्ज मापनावर ७ भरतात. बॅरलचं पोलाद त्याहून मऊ. नव्या पिस्तुलावर पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या बारीक रेघा बहुतेक वेळा हत्याराच्या नसतात, कोरड्या फडक्याने धूळ रगडल्याच्या असतात. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी रबरी ब्लोअरने हवा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर, न दाबता एकाच दिशेने, शेवटी कोरडं फडकं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं.

ग्रिप काढताना

ओरखड्याची खरी जागा ही. बहुतेक मॉडेलांत ग्रिप एकाच मोठ्या स्क्रूवर बसते आणि तो ग्रिपच्या तळातून लागतो. अ‍ॅलन कीचं एक टोक स्क्रूत नीट बसलेलं असतं, नजर तिथेच असते, आणि दुसरी बाजू फिरता फिरता बॉडीला घासून जाते. उपाय स्वस्त आहे: कीच्या मोकळ्या बाजूवर हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. टी-हँडलची की असेल तर आणखी बरं.

नव्या कीच्या कापलेल्या टोकाला बर, म्हणजे धातूची धारदार कड, असते. ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक सपाट घासून घ्या, नाहीतर की पूर्ण खोल बसत नाही आणि स्क्रूचे कोपरे खाते. बॉल-एंड की घट्ट स्क्रू सोडवायला वापरू नका. तिचा स्पर्श कमी, घसरण जास्त. स्क्रूभोवती मास्किंग टेप लावायचा. पॅकिंगचा तपकिरी टेप मात्र नको, त्याचा गोंद मागे राहतो आणि तो काढायला मग लोक थिनर शोधतात.

अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण १० ते २५ मायक्रॉनचा. थर कडक, पण खालचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, म्हणून टोकदार मार बसला की थर तुटून पांढरी रेघ उमटते. तिच्यावर कोल्ड ब्लू (धातू काळा करायचं रसायन) चालत नाही, तो फक्त पोलादावर धरतो.

(लायसन्सच्या, म्हणजे काडतुसाच्या, पिस्तुलांत १९११ या मॉडेलच्या घराण्याचा स्लाइड-स्टॉप, म्हणजे स्लाइड अडवणारा लिव्हर, परत बसवताना फ्रेमवर पडणारा अर्धगोल ओरखडा जगभर ओळखीचा आहे. कारण याच जातीचं: स्प्रिंगवरचा प्लंजर दाबताना लिव्हरचं टोक फ्रेमवरून सरकतं. तिथेही टेपच वाचवतो.)

ग्रिप परत बसवताना स्क्रू आधी अर्धा फेरा उलटा फिरवा, आटे जुळल्याचा ‘टक’ हाताला जाणवतो, मग आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा वाकडे गेले की नवं पिस्तूल तिथेच जुनं होतं.

ब्रीचचा ओ-रिंग

हवा गळते का हे पाहायला सिलिंडर लावून, टिश्यूची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीजवळ धरून, पेलेट न भरता ट्रिगर दाबा. पट्टी हलली तरच, पुन्हा सिलिंडर काढून आणि हवा संपवून, रिंग काढायची. काढायला लोखंडी पिक नको, टूथपिक किंवा बांबूची काडी. खाचेत पडलेला ओरखडा बाहेरून दिसत नाही, पण नवी रिंगही तिथून गळत राहते. नव्या रिंगवर सिलिकॉन ग्रीस, बोटाला चमक दिसेल इतकंच. हेच ग्रीस पोलादावर घासणाऱ्या पोलादाला लावू नका, तिथे ते टिकत नाही.

बेळगावात ही अडचण कमी. उद्यमबागेच्या परिसरात हायड्रॉलिकचं काम चालतं, त्यामुळे सीलची दुकानं आहेत. माप मॅन्युअलमधलं सांगा: आतला व्यास, जाडी आणि कडकपणा (७० की ९० शोअर). जुनी रिंग मोजून मागू नका, ती दबून पातळ झालेली असते.

पहिला डबा, ५०० पेलेट

बॅरल मझलच्या बाजूने रॉड घालून साफ करू नका, क्राउन (मझलची कड) घासलं की ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) फाटतो. प्लास्टिक चढवलेली पुल-थ्रू दोरी ब्रीचमधून घालून मझलकडून ओढा: पहिला फेल्ट (नमद्याचा बोळा) तेलाच्या दोन थेंबांनी, पुढचे कोरडे, राखाडी डाग थांबेपर्यंत. त्यानंतरचे पहिले ५ ते १० शॉट इकडेतिकडे जातात, त्यांच्यावरून साइट फिरवू नका. कॉम्पेन्सेटरमध्ये (मझलपुढच्या, झटका कमी करणाऱ्या भागात) पेलेटचं शिसं साचतं, ते कापसाच्या काडीने काढा, तारेच्या ब्रशने नाही. तोंडाने फुंकू नका. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हे काम नको, आणि नंतर हात साबणाने धुवा.

ट्रिगरचं वजनही याच टप्प्यावर तपासा. नवी स्प्रिंग थोडी बसते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम लागतं, म्हणून सुरुवातीला ५२० च्या आसपास ठेवलेलं बरं.

मिरगाच्या आधी

आपल्याकडे फिनिशचा खरा शत्रू पावसाळा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर कपडेही वाळत नाहीत. घामातलं मीठ काळ्या ऑक्साइडखाली शिरतं आणि तांबूस ठिपके येतात, म्हणून प्रत्येक सरावानंतर बॅरलवर गन ऑइलचा पातळ हात. खोबरेल नको: २४ अंशांच्या खाली थिजतं, पुढे चिकट होतं. पितळेची भांडी लखलखीत करणारी चिंच किंवा लिंबू पोलादाला लावलं तर काळा थरच उतरतो. उलट सोडा आणि कपड्याची पावडर अ‍ॅनोडायझिंग खाते. म्हणजे एकाला आम्ल वर्ज्य, दुसऱ्याला अल्कली.

सिलिंडरच्या तोंडाशी आणि पंपात मात्र कोणतंही खनिज तेल नको. जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

हातपंप वापरणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. १०० सीसीच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २० लिटर मोकळी हवा जाते. २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत तेवढ्या हवेत सुमारे ०.४ ग्रॅम पाणी असतं. पंपाच्या पाणी अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये ते अडलं नाही तर सिलिंडर आणि रेग्युलेटरमध्येच जाणार. पंपाला ड्राय-पॅक (ओल शोषणारी नळी) लावा, मधे थांबून पंप थंड होऊ द्या, ब्लीड करा, म्हणजे साचलेली हवा-पाणी सोडून द्या. सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवू नका आणि त्यावरची मुदत पाहा.

कोल्हापूरच्या रेंजला जाताना एप्रिल-मेमध्ये भरलेला सिलिंडर डिकीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार असलेली हवा ६० अंशांना सुमारे २२३ बार होते.

पेटीतला फोम ओल धरतो. सराव संपल्यावर पिस्तूल तासभर बाहेर ठेवून मगच पेटीत, सोबत सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी. निळ्या जातीचे दाणे गुलाबी झाले की ११० ते १२० अंशांवर भट्टीत दोनेक तास वाळवून पुन्हा वापरता येतात.