गुंड्याची पाठवणी

पंगस माशाला जाळीनं धरू नये, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलोय. त्या रविवारी मात्र मीच धरला. खाली टेम्पो उभा, वॉचमनची कटकट चालू आणि हाताशी नेमकी जाळी, एवढंच कारण. गुंड्यानं एक हिसडा दिला आणि कल्ल्यामागचा काटा असा रुतला की पुढे सरकेना, मागे येईना. त्या काट्याला करवतीसारखे दाते असतात; ओढला तर परच उपटून यायचा.

"वहिनी, कात्री!"

त्यांनी दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणून दिली. जाळी पाण्याखालीच धरून मी एकेक धागा कापत होतो. चार-पाच धागे झाले असतील, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा काटा माझ्या अंगठ्यात घुसला. टाकीत लाल धूर पसरला. वहिनींचा धाकटा म्हणाला, "काका, तुमचं की त्याचं?" माझंच होतं.

घरोघरी जाऊन फिश टँक साफ करायचे, हा माझा धंदा. सिंहगड रोडच्या या घरी पहिल्यांदा गेलो तो एक मासा मेला म्हणून. दुकानातून दोन-दोन इंचांचे दोन 'शार्क' आणले होते आणि त्याच दिवशी भरलेल्या कोऱ्या टाकीत सोडले होते. नव्या टाकीत माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू जमायला काही आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच विषात पोहतो. उरलेल्या एकाला मी जगवला, रोज थोडं थोडं पाणी बदलायला लावून. पुढे अंगावर पांढरे ठिपके आले, तेव्हा औषध निम्म्या मात्रेनं दिलं. खवले नसलेल्या माशाला पूर्ण डोस सोसत नाही.

हा शार्क नाही, हे त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. हा पंगस. हॉटेलात 'बासा' म्हणून ताटात येतो तो बऱ्याचदा हाच, आणि वाढला की मीटरभर होतो. वहिनींनी तीन फुटी टाकीकडे नुसतं पाहिलं.

साहेब म्हणाले, "मग नदीत सोडू. पुण्यही लागेल." तिथं मात्र माझा पारा चढला. असंच कुणीकुणी टाकीतले सोडलेले सकर मासे आज उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यांत अडकतात. चिलखत घातल्यासारखं अंग. धड खाताही येत नाहीत आणि जाळी फाडतात ती वेगळीच. परका मासा नदीत सोडायचा नाही म्हणजे नाही.

वहिनींच्या भावाचं सासवडकडे शेततळं होतं. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, कुठल्या ओढ्याला न जोडलेलं, आत रोहू-कटला. पण दोन इंचांचं पिल्लू तिथं टाकलं तर खंड्या एका घासात गिळणार, त्यातून वाचलं तर दिवड आहेच. म्हणून वीतभर होईतो घरीच वाढवायचं ठरलं. वीतभर झाला तेव्हा दिवाळी आली. पंगस मेकाँगकडचा, उबेचा. उघड्या तळ्यातल्या पुरंदरच्या थंडीत कशाला घालायचा? होळीपर्यंत थांबलो. तोवर गडी लाटण्याएवढा झाला.

आणि भित्रा किती! रात्री एकदम लाइट लागला की थाडकन काचेवर आदळायचा. नाकावर पांढरा वण पडला होता. टाकीच्या तीन बाजूंना आम्ही काळा कागद लावला आणि आधी हॉलचा दिवा, मग टाकीचा, असा नियम केला. धाकट्यानं बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली: 'थांबा. गुंड्याला सांगून लावा.'

आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवला होता, वाटेत पाणी घाण होऊ नये म्हणून. पिंपात टाकीचंच पाणी, बॅटरीवरचा पंप, वर झाकण. दिवे घाटातल्या एका वळणावर पोरानं झाकण उचकटलं. गुंड्या आडवा, पोट वर. पोरगं रडलं नाही, पण खालचा ओठ थरथरायला लागला. घाबरला की हा मासा असा मेल्यासारखा पडतो, हे मी पूर्वी पाहिलंय. तरी पोटात गोळा आलाच. म्हटलं, "कल्ला हलतोय का, मोज." सतरापर्यंत मोजलं त्यानं. मग झाकण लावून अंधार केला. सासवड यायच्या आत आतून शेपटीचा फटका ऐकू आला.

तळ्याच्या कागदावर पाय ठरत नाही, म्हणून मामा कमरेला दोर बांधून उतरले. पिंप काठाला टेकवून मी दर पाच मिनिटांनी तळ्याचं एक तांब्या पाणी आत ओतत होतो. अर्धा तास. मामा वैतागले, "अहो, जावयाला आंघोळ घालताय काय!" शेवटी पिंप तिरका केला. तो लगेच निघालाच नाही. तोंड बाहेर काढून तिथंच थबकला, आणि मग हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला.

पंगस वरची हवाही घेतो, अधूनमधून वर येतोच. पोरगं काठावर बसून राहिलं. बऱ्याच वेळानं मध्यावर एक थोबाड वर आलं, नाकावर पांढरा वण.

मामा म्हणाले, "वर्षात दोन किलो भरेल की."

"तो विकायचा नाहीये," धाकटा ओरडला.

परतताना वहिनींनी विचारलं, रिकाम्या टाकीत आता काय ठेवायचं? अंगठा ठणकत होता. म्हटलं, "गप्पी."