पावसाळ्यात पेटी बंद करायची नाही

मंगळवार, ८ जुलै

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले, पाऊस उसंत घेत नाही. वर्कशॉपातला आर्द्रतामापक सकाळी ८३ दाखवत होता. आतल्या लहान खोलीत डीह्युमिडिफायर लावला की आकडा ५५ पर्यंत उतरतो. पण गिटारची पेटी बंद करायला, म्हणजे टॉप, बॅक आणि बाजू चिकटवून तिचं पोकळ अंग पूर्ण करायला, मला ४५ ते ५० टक्के आर्द्रतेची हवा लागते, आणि तीही सलग बरेच दिवस टिकलेली. इथे दर दुपारी वीज जाते. म्हणून सांगलीच्या गिऱ्हाइकाला फोन लावला आणि सांगून टाकलं, की तुमची पेटी दसऱ्यानंतर बंद होईल.

पोरगा शहाणा आहे, पण हिरमुसला. "काका, टॉप तयार आहे, बॅक तयार आहे, बाजू वाकवून झाल्या. आता नुसतं चिकटवायचंच राहिलंय ना?"

तेच तर सगळं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. त्याच्या गिटारचा स्प्रूसचा टॉप सगळ्यांत रुंद जागी ४०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि जाडीला जेमतेम पावणेतीन. ८० टक्क्यांच्या हवेत ओल पिऊन बसलेली ही फळी पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, हवा २५-३० टक्क्यांवर आली, की चार-पाच मिलिमीटर आकसू पाहते. तोवर तिच्या कडा बाजूंना चिकटलेल्या असतात आणि आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या तिला आडव्या धरून असतात. आकसायला जागाच नाही, मग ती रेषेवर तडकते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी गिटार मी याच कारणाने फाटलेल्या पाहतो. त्यांचं लाकूड चांगलं असतं, सांधेही चांगले असतात. चुकीच्या महिन्यात घाई झालेली असते, एवढंच.

फोन ठेवला आणि शेडमध्ये गेलो. माझी जुनी पद्मिनी गाडी कालपासून अडखळत होती. सुरू व्हायची, चार सिलिंडरांपैकी एक सोडून द्यायची, पुन्हा पकडायची. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली तर आतून दमट, आणि दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ. ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी त्या रेघेवरून पळत होती. कॅप बदलली, पॉइंट घासून फट लावली, आणि १०८९ सीसीचं ते इंजिन पुन्हा चारही पायांवर चालू लागलं.

लोक विचारतात, गिटार आणि गाडी हे दोन्ही कसं सांभाळतोस. गाडीच्या नादात गिटार मागे पडत असणार, असा प्रश्नाचा रोख असतो. मला नेमकं उलटं वाटतं. शेजारच्या शेडमध्ये ही गाडी नसती तर पावसाळ्यात मला थांबणं जमलंच नसतं. रिकामे हात फार वाईट. ते स्वतःला समजावतात, की ५५ टक्के म्हणजे ५० च झाले, क्लॅम्प लावून टाकू. गाडी मला जुलै ते सप्टेंबर नकार द्यायचं बळ देते.


गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा

दोघांना फोन केले, दरवर्षीप्रमाणे.

पहिले मिरजेचे, सतार घडवणारे गुरू. त्यांच्याकडे मी विशीत काही महिने बसलो होतो, सतारीच्या घोडीवर कानस कशी फिरवायची ते बघायला. जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीचा उतार, काढताना ते दोन-चार हलके हात मारायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा दोन हात. मोजमाप काही नाही, सगळा कानाचा कारभार. गिटारच्या सॅडलवर, म्हणजे तिच्या घोडीवर, जवारी नको असते. तिथे तार एका स्वच्छ काठावरून सुटली पाहिजे, झंकार उठला तर तो दोष. पण तो झंकार नेमका कुठल्या उतारामुळे उठतो हे मला मिरजेत कळलं, म्हणून पुण्यात तो काढता येतो.

मिरजेच्या या परंपरेची सुरुवात मला नेहमी धीर देते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे लोखंडातले कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. धातूची सवय असलेल्या हातांनी भोपळा आणि तुणीचं लाकूड हाती घेतलं आणि गावाचं नाव देशभर केलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माझ्या मिरजेच्या गुरूंच्या आवाजातला आनंद फोनवरही कळत होता.

दुसरे नाना पेठेतले मिस्त्री. आता गॅरेज मुलगा बघतो, पण माझा आवाज ऐकला की ते स्वतः फोन घेतात. "काय मास्तर, गाडी बोलतीय का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि कुठला टॅपेट, म्हणजे झडप हलवणारा भाग, वाजतोय ते सांगायचं, हे त्यांनी मला शिकवलं. प्लगचा रंग वाचायलाही त्यांनीच शिकवलं. फिकट तपकिरी म्हणजे मिश्रण बरोबर, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे हवा जास्त. कार्बोरेटरचा जेट साफ करायला मी एकदा गिटारची पातळ पोलादी तार काढली तर त्यांनी माझा हात धरला होता. जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक मोठं झालं की ती गाडी पुन्हा कधी नीट सरासरी देणार नाही. पेट्रोल आणि हवा, बाकी काही आत घालायचं नाही.

दोघांना एकमेकांविषयी काही माहीत नाही. एकदा त्यांची भेट घडवून आणायची आहे. मिस्त्रींना मिरजेला न्यायचं ते पद्मिनीतूनच.


शनिवार, १२ जुलै

शेडमध्ये वापरायचं पॉलिश कोणीतरी वर्कशॉपच्या दारापर्यंत आणलं होतं. ते तिथूनच परत पाठवलं. दोन्ही छंदांचा मेळ कसा बसतो यापेक्षा ते कुठे वेगळे ठेवावे लागतात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ती जागा म्हणजे हे दार.

डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचा एक अंश जरी लाकडावर गेला तरी वर मारलेलं लॅकर तिथे बसत नाही, गोल गोल खळगे पडतात आणि खालचं लाकूड उघडं दिसतं. घासून पुन्हा मारलं तरी तो डाग वर येतो. म्हणून शेडचा एप्रन वेगळा, चिंध्या वेगळ्या, पॉलिश पेपरही वेगळा. ग्राइंडर वर्कशॉपात कधीच नाही. लोखंडाची धूळ ओल्या लाकडावर पडली की काळे ठिपके उमटतात. आणि दिवसाचा क्रमही ठरलेला. सकाळी गिटार, कारण हात स्वच्छ असतात आणि कान ताजे. जेवणानंतर गाडी. गाडीवरून गिटारकडे त्याच दिवशी परत जायचं नाही.

गंमत अशी, की ज्या लॅकरला मी गाडीपासून एवढं जपतो, ते मुळात गाडीचंच. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांना ड्युपॉन्टचं ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मारायला सुरुवात केली. त्याआधीच्या वार्निशाला वाळायला आठवडे जायचे. हे काही तासांत वाळायचं, म्हणून गाड्यांचे कारखाने पळू लागले, आणि मग गिटारवाल्यांनीही तेच उचललं. आमच्याकडचे जुने पेंटर आजही गाडीच्या रंगाला ड्युकोच म्हणतात. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्नियात लिओ फेंडरच्या कारखान्याने तर गाड्यांच्या रंगांचे डबेच गिटारवर वापरले. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डवरून आला, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरून. १९६३ ची गिब्सन फायरबर्ड रेखाटली रे डीट्रिच यांनी, आणि ते तर आयुष्यभर मोटारींची अंगं आखत आले होते. पॉल बिग्जबी मोटारसायकलींच्या कारखान्यातले. त्यांनी १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिससाठी अखंड लाकडी अंगाची इलेक्ट्रिक गिटार घडवली, आणि त्यांच्या नावाची, तारांचा सूर हेलकावणारी कंपदांडी आजही जगभर बसवली जाते.

ही नावं मी मुद्दाम लिहून ठेवतोय. गॅरेज हा वाद्यकामाच्या आड येणारा पसारा आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला हा इतिहास सांगावा असं वाटतं. या कामाच्या घडणीतच तेल-ग्रीसचे हात आहेत.

पद्मिनीच्या डाव्या दाराला पत्र्याचं काम हवंय. पण रंग आता नाही. दमट हवेत लॅकर मारलं की पाणी आत अडकतं आणि पांढरट झाक येते, दारावरही आणि गिटारवरही. रंगाच्या बाबतीत दोघांचा महिना एकच: नोव्हेंबर.

ही गाडी मामाची. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची हटली, त्या बातमीने मामी रडली होती. स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा तिच्या हातात आजही बिनचूक बसतो. ती पुण्याला आली की एक फेरी होतेच.


रविवार, १३ जुलै

पावसाळ्यात गिटारचं काम अजिबात होत नाही असा समज नको. लाकूड लांबीत हलत नसल्यामुळे फ्रेटच्या, म्हणजे पडद्यांच्या, खाचा या दिवसांतही बिनधोक कापता येतात. सकाळी सांगलीच्या गिटारचा फ्रेटबोर्ड घेतला. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, ३६.४८ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, पुन्हा, पुन्हा, आणि बारावा फ्रेट बरोब्बर ३२५ वर पडतो. तो तिथे पडला की मला दरवेळी आनंद होतो.

अकराच्या सुमारास तो पोरगा अचानक दारात. कामासाठी पुण्यात आला होता म्हणाला, पण टॉप बघायचा होता हे उघड होतं. मी त्याला फळी बोटांच्या चिमटीत धरायला दिली आणि मध्यावर टिचकी मारायला सांगितली. घुमली. मग शिसवीची बॅक दिली. ही शिसवी सह्याद्रीतली. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा १९६९ पासून अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने भारताची शिसवी घेतली आणि मग जगभरच्या गिटारांच्या पाठी आपल्या लाकडाच्या झाल्या. त्याला हे माहीत नव्हतं. तो बराच वेळ बॅक उजेडात फिरवत राहिला.

"आणि दसऱ्यापर्यंत हे असंच पडून राहणार?"

"पडून नाही. रोज हवेबरोबर ओल घेतंय, सोडतंय. ऑक्टोबरात शांत झालं की बंद करू."

मग त्याला शेडमध्ये नेलं. फट मोजायच्या पातळ पात्यांचा फीलर गेज दाखवला. टॅपेटची फट ज्या पात्यांनी बघतो, तसलाच दुसरा गेज वर्कशॉपात असतो, नेकचा बाक बघायला. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली पाव मिलिमीटरचं पातं अलगद सरकलं की नेक बरोबर. त्याने बोनेटखाली वाकून स्वतः एका टॅपेटमध्ये पातं घालून पाहिलं. हलका अडथळा जाणवला पाहिजे, मोकळंही नको, घट्टही नको, हे त्याला पहिल्याच फटक्यात कळलं. गिटार वाजवणाऱ्याची बोटं.

जाताना तो म्हणाला, पेटी बंद करायच्या दिवशी मला बोलवा. बोलावणार. क्लॅम्प धरायला दुसरे दोन हात लागतातच.

उद्या सकाळी उरलेल्या खाचा. दुपारी ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे रबर बघायला नाना पेठ. ते मिळाले तर या महिन्यात मिरज.