ओट्याच्या काठावर नाक

आमचा ओटा ३३ इंच उंच आहे आणि धाकटा ३८ इंच. दोन्ही मी टेपने मोजलेत. म्हणजे धाकटा ओट्याला खेटून उभा राहिला की त्याचं नाक बरोब्बर ग्रॅनाइटच्या काठावर टेकतं.

हे मोजमाप करायची वेळ आली ती त्याच्या एका शब्दामुळे. संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे मी करतो, कारण बायको लोकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. सातला मी कुकर लावायला घेतला की हा पायाशी हजर. पँट ओढायची आणि म्हणायचं, "बघू!" मला वाटायचं, भूक लागली असेल. बिस्कीट दिलं. ते घेऊन बाहेर गेला आणि अर्धं खाऊन परत आला. "बघू!" गाडी दिली, चमचे दिले, शेवटी (कबूल करतो) मोबाइलही दिला. तो हातात धरून पुन्हा, "बघू!"

एक दिवस काहीतरी खाली पडलं म्हणून गुडघ्यांवर बसलो आणि तसाच वर पाहिलं. ट्रॉल्यांच्या मुठी, वर काळी कड, त्याच्यावर कुकरचं अर्धं पोट. बस्स. फोडणीचा चर्रर् आवाज, हिंगाचा वास, शिट्टी, सगळी गंमत वर चाललेली आणि खालच्याला नाटकाला खांबामागची खुर्ची मिळालेली. मीही ओरडलो असतो.

आजीच्या घरी हा प्रश्नच नव्हता. चूल जमिनीवर, आजी पाटावर, आम्ही तिच्या मांडीला लागून. भात उकळताना झाकण कसं थरथरतं, भाकरी कशी फुगते, सगळं डोळ्यांसमोर. सुरक्षित होतं असं अजिबात नाही. निखारे होते, विळी होती. उठताना विळी आडवी करून ठेवायची, एवढा एक नियम आजी सगळ्या सुनांना सारखा ऐकवायची. आजीचे गुडघे त्या बसण्या-उठण्यात गेले, त्यामुळे ओटा आला हे बरंच झालं. फक्त तो वर चढताना पोरं खाली राहिली.

मग मीच खाली उतरलो. शेगडीवरचं वर, बाकीचं फरशीवर. जुनं वर्तमानपत्र पसरायचं, परात, कणकेचा डबा, मटारच्या शेंगा. मटार सोलायला दोघंही उत्सुक असतात. एक किलो शेंगांचे दाणे अर्धा किलोच्या आतच भरतात. आमच्याकडे पातेल्यात जेमतेम वाटीभर पडतात, थोडे फ्रीजखाली जातात आणि उरलेले कुठे जातात ते धाकट्याच्या गालांकडे पाहून कळतं. मटारची उसळ ठरवायची आणि मटार घातलेले बटाटे खायचे, ही आता रीतच झाली आहे.

मुलांना स्वयंपाकात सामील करून घ्यावं, असं सांगणाऱ्या लेखांतल्या फोटोत मुलांच्या अंगात पांढरे एप्रन असतात आणि फरशी कोरडी असते. तो फोटो बहुधा आधी काढत असावेत.

थोरली पाच वर्षांची. शिट्ट्या मोजायचं खातं तिच्याकडे. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला तिने मला सांगायचं. धाकटा शिट्टीला घाबरून परातीमागे लपतो आणि तिथून मोजतो, "एक, दोन, पाच!" त्यावर दोघांचं भांडण होतं, त्या गडबडीत चौथी होते आणि वरणाचं पिठलं होतं.

शेवटच्या गोळ्याची चिमणी करायची असते. हे आजीचंच. गोळ्याला चिमटा काढला की चोच, मागे दाबलं की शेपूट, डोळ्यांना मोहरी. परवा थोरलीची चिमणी तव्यावर ठेवली आणि पाठ वळवली. टच्च! एक मोहरी तडतडून उडाली. थोरलीने हंबरडा फोडला. "बाबा, तिला दिसत नाही!" मिसळणाच्या डब्यातून दुसरी मोहरी आणून बसवायला गेलो, पण कणीक भाजून घट्ट झालेली, डोळा काही टिकेना. धाकटा मात्र एकदम गप्प. स्टुलावर उभा राहून (शेगडीपासून लांब, दुसऱ्या टोकाला) तो त्या उरलेल्या डोळ्याकडे टक लावून बसला होता. तोही उडेल, या आशेने.

साडेआठला बायको आली. पर्स टेकवायच्या आधी तिने पायाला चिकटलेली कणीक काढली आणि विचारलं, "आज काय?"

"चिमणी," धाकटा म्हणाला.

या चिमण्या आतून कच्च्या असतात, कोणी खात नाही आणि टाकूही देत नाही. सध्या फ्रीजमध्ये लिंबांच्या शेजारी चार आहेत. त्यातली एक काणी.