गाल फुगला म्हणून दाढ काढायची नसते

“डॉक्टरीणबाई, दाढच काढून टाका, म्हणजे सूज उतरेल,” आजींचा एकच धोशा. नात सातवीतली, उजवा गाल वर आलेला. पण ताप नाही, ठणका नाही, दाढा धडधाकट. हिरडीवरून बोट फिरवलं तर वरचा जबडा बाहेरच्या अंगाला फुगलेला आणि टणक, दाबला तरी बोट आत जाईना. पू झालेली सूज अशी लागत नाही. दाढेला हात न लावता मी सीटी स्कॅन करायला पाठवलं.

स्कॅनमध्ये गालामागची सायनसची पोकळी जवळजवळ भरलेली होती आणि डोळ्याखालचं हाड वर ढकललं गेलं होतं. गाठीची कड मात्र स्वच्छ, वेगळी. या कडेवर फार काही अवलंबून असतं. फायब्रस डिस्प्लेझियात, म्हणजे चांगल्या हाडाच्या जागी तंतू आणि कच्चं हाड तयार होतं त्या आजारात, रोगट हाड दुधी काचेसारखं दिसतं आणि शेजारच्या चांगल्या हाडात मिसळून जातं. वयात आल्यावर ते बहुधा मंदावतं, म्हणून पुष्कळदा थांबून लक्ष ठेवतात. ऑसिफाइंग फायब्रोमाची (तंतू आणि हाड मिळून झालेल्या गाठीची) कड वेगळी असते आणि तो आपला आपण थांबेल असा भरवसा नसतो. लहान मुलांमधला प्रकार तर भराभर वाढतो, काही शिल्लक राहिलं तर पुन्हा येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तंतू आणि नवं तयार होणारं हाडच दिसतं. म्हणून बायोप्सीचा तुकडा नुसता पाठवून देणं मला पटत नाही. पॅथॉलॉजिस्टच्या हातात स्कॅनही पडलाच पाहिजे. तरीही अडलं तर जीएनएएस जनुकाची तपासणी मदतीला येते. त्यातला ठरावीक बदल सापडला, तर कौल डिस्प्लेझियाकडे जातो.

नातीचा रिपोर्ट आला: ज्युव्हेनाइल, म्हणजे लहान मुलांमधला, ऑसिफाइंग फायब्रोमा. “कॅन्सर आहे का?” आजींनी विचारलं. नाही, आजी. शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण डोळ्याशेजारी जागाच किती असते! शस्त्रक्रिया ओठाच्या आतून छेद घेऊन झाली, चेहऱ्यावर व्रण नाही.

दातांच्या डॉक्टरांसाठी आणखी एक. जबड्यात एकाहून जास्त ऑस्टिओमा (हाडाच्या साध्या गाठी) आणि जादा दात दिसले, तर घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का, हे जरूर विचारा. गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचा (आतल्या अस्तरावरच्या कोंबासारख्या वाढीचा) पुढे कॅन्सर होतो, आणि जबड्यातल्या गाठी कधीकधी त्याच्या कित्येक वर्षं आधी दिसतात.

नातीचा पुढचा स्कॅन वार्षिक परीक्षेनंतर आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत तिला बोलावत राहणार आहे.