एअर बॅग बसवलेली, तरी आपटणारी गाडी

पाणी पोचवणाऱ्या एका माणसाची एक टनी पिकअप आमच्या गॅरेजला आली, ती तक्रारींची यादी घेऊनच. मागे हजार लिटरची टाकी. सकाळी भरून निघायचं, ठिकठिकाणी पाणी उतरवत जायचं, परतताना टाकी कोरडी. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचं टनभर ओझं रोज संध्याकाळपर्यंत शून्यावर यायचं. परतीच्या रिकाम्या फेरीत गाडी इतकी उसळायची की त्या माणसाची कंबर पार कामातून गेली होती. दुसऱ्या एका गॅरेजने मागचे पाटे, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा, तसेच ठेवून जोडीला एअर बॅग, म्हणजे ओझं पेलणारे हवेचे रबरी फुगे, बसवून दिल्या होत्या आणि गाडी आता लोण्यासारखी पळेल म्हणून सांगितलं होतं.

"मिस्त्री, लोणी राहू द्या, पूर्वीपेक्षा जास्त आपटते. हे फुगे काढा आणि चांगल्या कंपनीचे टाका."

बॅगा चांगल्याच होत्या. कंपनी बदलून काही होणार नव्हतं, पण हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगून पटत नाही. म्हणून आधी गाडीत बसलो. रिकाम्या गाडीचं मागचं अंग छोट्या खड्ड्यावरसुद्धा टणकन वर जात होतं. परत आल्यावर नंबरप्लेटजवळच्या हवेच्या व्हॉल्व्हला गेज लावला. 60 पीएसआय.

"रिकाम्या फेरीला हवा कमी करता का?"

"कमी कशाला करायची? परत भरायची म्हणजे पंपावर जा."

गाडीत कॉम्प्रेसर नव्हता, त्यामुळे भरलेल्या गाडीसाठी घातलेली हवा रिकाम्या गाडीतही तशीच. मुळात या गाड्यांचे पाटे पूर्ण ओझ्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. रिकामी गाडी त्यांना जेमतेम दाबते. त्यात भर म्हणून 60 पीएसआयची बॅग खालून रेटत असेल, तर पाट्यांना वाकायला जागाच कुठे? मदतीची बॅग स्प्रिंगची ताकद वाढवते. ओझ्याखाली मागून बसलेली गाडी ती उचलते, पण रिकामी गाडी मऊ करणं तिच्या हातात नाही. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता रागही येत नाही.

हवा 5 पीएसआयवर आणली. त्याखाली जायचं नाही, रबर दुमडून चिमटतं आणि फाटतं. टायर बघितले तर मागचे 80 पीएसआय, तेही बारा महिने. टायर कंपनीच्या ओझं-दाबाच्या तक्त्यात रिकाम्या गाडीच्या वजनाला त्याहून बराच कमी दाब चालत होता, तेवढा रिकाम्या चकरेपुरता ठेवला. पुन्हा चक्कर मारली. फरक पडला, आणि हे सगळं एकही नट न खोलता. तरीही बारीक खडबडीत रस्त्यावर थरथर तशीच होती. पाट्यांमध्ये गंज धरला होता. पाने एकमेकांवर घासतात तेव्हा लहान धक्क्याला ती सरकतच नाहीत, आणि तो धक्का थेट चासीत जातो.

हे सगळं ओळखीचंच होतं. तो दिवस लक्षात राहिला तो त्याने जाता जाता टाकलेल्या एका वाक्यामुळे. "भरलेली गाडी थांबायला जरा वेळ घेते, पण पाणी आहे ना आत, हेलकावतं."

पाणी हेलकावतं हे खरं. पण मी परत खाली शिरलो. अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडा जात होता आणि त्याच्या वरच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह. काही पिकअपना हा असतो. गाडी ओझ्याने बसली की दांडा व्हॉल्व्ह फिरवतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी, म्हणजे उंच, असेल तर दाब कमी होतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, उंची कळते.

त्याला टाकी भरून आणायला लावली. रोजच्यासारखी 60 पीएसआय हवा घातली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. मघाशी 5 पीएसआयवर रिकाम्या गाडीला घेतलेलं माप आणि हे माप, फरक बोटभरसुद्धा नव्हता. मागे टनभर पाणी, आणि दांडा रिकाम्या गाडीच्या जागेवर. इतके महिने हा माणूस भरलेली गाडी उतारावरून अर्धवट ब्रेकवर आणत होता. मी टेप त्याच्याच हातात दिला. त्याने स्वतः मोजलं, आणि मग कंबरेचा विषय काढलाच नाही.

माझं मत त्याला सरळ सांगितलं. कायम ओझ्यावर असणाऱ्या किंवा अधूनमधून ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला पाटे अधिक बॅग हे पुरेसं आहे, फक्त गाडीत कॉम्प्रेसर हवा आणि ब्रेकचा दांडा बघून घ्यायला हवा. रोज भरलेली ते रिकामी असा प्रवास करणाऱ्या गाडीचे पाटे काढून पूर्ण हवेवर न्यावं. बॅगेतला दाब ओझ्याप्रमाणे कमीजास्त होतो, तसा तिचा कडकपणाही बदलतो, म्हणून गाडी भरलेली असो वा रिकामी, डोलण्याची लय जवळपास तीच राहते. पाट्याला हे जमत नाही, त्याचा कडकपणा बऱ्याच अंशी ठरलेला.

त्याने पूर्ण किट घ्यायचं ठरवलं. या कामात लोक बॅगांकडे बघतात, पण खरं काम दांड्यांचं असतं. पाटे नुसतं ओझं पेलत नाहीत, अ‍ॅक्सल जागेवर धरूनही ठेवतात. यू-बोल्ट सोडून पाटे काढले की अ‍ॅक्सल मोकळा. मग त्याला पुढेमागे धरणारे दांडे, आणि डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एका टोकाने अ‍ॅक्सलला, दुसऱ्याने चासीला जोडलेला एक आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड. गाडी चालताना ज्या उंचीवर राहणार, त्या उंचीवर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन मोजावा लागतो, तो चुकला तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणायला लागते. ओझ्याप्रमाणे बॅगेत हवा भरून-सोडून गाडी एकाच उंचीवर ठेवणारे उंचीचे व्हॉल्व्ह आम्ही डावीउजवीकडे वेगवेगळे लावले. दोन्ही बॅगा एकाच नळीवर असत्या, तर वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला झुकताच तिकडची हवा दुसऱ्या बॅगेत पळाली असती आणि गाडी आणखी कलली असती. सायलेन्सरच्या पाईपजवळच्या बॅगेला उष्णता अडवणारा पत्रा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी डावीकडे बसलेली. साबणाचं पाणी फिरवलं तर एका जोडावर बारीक बुडबुडे हळूहळू मोठे होत होते. नळी बाहेर काढली, टोक तिरकं आणि चपटं. गॅरेजमधल्या पोराने कटर सापडेना म्हणून पक्कडीने कापली होती. धारदार पात्याने काटकोनात कापून परत दाबली आणि बुडबुडे थांबले. हवेच्या कामात गळती बहुतेक वेळा जोडाशीच असते, बॅगेत क्वचित.

ब्रेकच्या दांड्याचा प्रश्न मात्र अंदाजाने सोडवण्यासारखा नव्हता. गाडी आता कायम एकाच उंचीवर राहणार, म्हणजे तो व्हॉल्व्ह कायमचा फसणार. किट कंपनीकडून लेखी सेटिंग मागवलं, त्याप्रमाणे लावलं, आणि ब्रेक टेस्टच्या रोलरवर भरलेली आणि रिकामी, दोन्ही तपासली. तोपर्यंत चावी दिली नाही. त्याचं एक दिवसाचं काम बुडालं, त्यावरून थोडं वाजलंही.

रिकामी गाडी फिरवून आल्यावर तो म्हणाला, "मागचं छान झालं, पण पुढून आता जास्त आपटतं." पुढचं तसंच होतं, मागच्या गोंगाटात इतके दिवस जाणवत नव्हतं एवढंच. पुढचे शॉकअब मरत आले होते, ते बदलायला नंतर बोलावलं.

निघताना त्याने विचारलंच. "आता गाडी बसत नाही, तर बाराशे लिटरची टाकी टाकू?"

मी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरची प्लेट दाखवली. एकूण वजनाचा आकडा बॅगा घातल्याने बदलत नाही. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच. आणि गाडी मागून बसली की ओझं जास्त झाल्याचं निदान डोळ्यांना दिसायचं, आता तेही दिसणार नाही. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, बघू नका, भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घाला आणि पावती मला आणून दाखवा.