गाढव पळताना त्याचा रंग कोणता?
१९७६ ला ब्राझीलच्या सरकारी सर्वेत लोकांना विचारलं तुमच्या कातडीचा रंग कोणता, तर १३६ वेगवेगळी उत्तरं आली!! दूध घातलेली कॉफी, उन्हात रापलेली, आणि चक्क 'पळणाऱ्या गाढवाचा रंग'. रिओच्या आद्रियाना व्हारेजाऊ या चित्रकर्तीने त्यातली ३३ नावं घेऊन ऑइल पेंटच्या खऱ्या ट्यूबा बनवल्या आणि स्वतःचीच पोर्ट्रेट्स, चेहरा तोच, फक्त कातडीची शेड बदलत जाते. सीरिजचं नाव पोल्व्हो, म्हणजे ऑक्टोपस, कारण त्याच्या शाईत मेलॅनिन असतं, आपल्या कातडीला रंग देणारं तेच, भारीच ना. गुलामगिरी तिथे १८८८ पर्यंत होती, त्यामुळे 'काळा' सोडून काहीही सांगायची धडपड कळते. मी हसत होते, मग आठवलं माझ्या बायोडाटात आईने 'गव्हाळ' लिहिलेलं, आणि मी गव्हाळ अजिबात नाहीये.